चौथ्या अंकातली तीन वाक्यं

उपेंद्र हेरेकरांना सिनेमा आवडत नाही, आणि नाटकावरून काढलेला सिनेमा तर मुळीच नाही. निपाणीत हे बहुतेकांना ठाऊक आहे, कारण गेली चाळीस वर्षं ते हे मत कुणी न विचारता सांगत आले आहेत. त्यांचं म्हणणं असं, की नाटकात एक जण बोलतो तेव्हा दुसरा ऐकत असतो. सिनेमात माणूस चार वाक्यं बोलला की कॅमेरा कंटाळून खिडकीबाहेरचं झाड दाखवतो. त्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या रविवारी दुपारी तीन वाजता 'वचनमुद्रा' हा साठ वर्षांपूर्वीचा सिनेमा बघायला ते रंगसेवक मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसले, याचं लोकांना नवल वाटलं. खरं तर ते सिनेमा बघायला आलेच नव्हते. तो शक्य तितका वाईट निघावा, या आशेवर आले होते.

उपेंद्र आता सत्तर वर्षांचे आहेत. नगरपालिकेत एकतीस वर्षं नोकरी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. नोकरी लागली तेव्हा त्यांना कन्नड वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. खात्याच्या परीक्षेसाठी शिकले आणि पुढे इतकं नेटकं लिहू लागले, की साहेबांची अवघड पत्रं त्यांच्याच टेबलावरून जायची. मजकूर उपेंद्रांचा, सही साहेबांची. साहेब बदलत गेले, सह्या बदलत गेल्या, अक्षर तेच राहिलं.

संध्याकाळी सहानंतर मराठी. मंडळाच्या नाटकात त्यांनी काम असं एकदाच केलं, दूताचं. प्रवेश करताना तलवार पायात अडकली आणि दूत राजासमोर लोटांगण घालतच पोचला. पुढे ते डाव्या विंगेतल्या स्टुलावर बसले, प्रॉम्प्टर म्हणून. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. नटाच्या अर्धं वाक्य पुढे राहायचं. तो थांबला, तर मुद्दाम थांबलाय की अडलाय हे ओळखायचं. मुद्दाम थांबलेल्याला शब्द दिला तर तो मध्यंतरात शिव्या देतो; अडलेल्याला दिला नाही तर जन्मभर. उपेंद्र हे नटाच्या मानेवरून ओळखत. अडलेल्या माणसाची मान किंचित विंगेकडे वळते. त्याला स्वतःला ते कळत नाही.

मंडळाचं मोठं नाटक म्हणजे 'संगीत वचनमुद्रा'. शंभर वर्षांपूर्वीचं. गोष्ट साधी आहे. राजा राणीच्या भावाला अभय देतो आणि वचनाची खूण म्हणून स्वतःच्या बोटातली मुद्रा देतो. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याच भावाला देशोधडीला लावतो. चौथ्या अंकात त्याला पश्चात्ताप होतो आणि तो राणीसमोर येऊन म्हणतो, “देवी, आमची चूक पदरात घ्या.” त्यावर राणी म्हणते:

“चूक पदरात घ्यायला माझा पदर रिकामा नाही, महाराज. त्यात तुम्ही दिलेली वचनं बांधून ठेवली आहेत. आधी ती सोडवून घेऊन जा.”

निपाणीच्या मंडळाचं नाव पंचक्रोशीत झालं ते या तीन वाक्यांवर. बेळगावात टाळ्या पडल्या, खानापुरात पडल्या, कागलला तर प्रयोग दोन मिनिटं थांबवावा लागला. नगरपालिकेच्या एका निवडणुकीत मतं मागायला आलेल्या उमेदवाराला एका बाईनं दारातूनच पहिलं वाक्य ऐकवलं होतं. मंडळाचे अध्यक्ष मारुतीराव पोवार यांचं, मग ते श्रद्धांजलीचं असो की सत्काराचं, एकही भाषण या वाक्यांशिवाय संपत नाही. “नाटककार असा पायजे,” ते म्हणतात. “तीन वाक्यांत राजाचा पार निकाल लावला.”

अडचण एवढीच होती की ही वाक्यं नाटककाराची नव्हती. उपेंद्रांची होती.

हे कसं झालं ते समजायला मंडळाची एक जुनी रीत सांगायला हवी. 'वचनमुद्रा'ची छापील प्रत तेव्हाही मिळत नव्हती. मंडळाकडे एकच होती. तालमी सुरू झाल्या की तिची शिवण उसवायची आणि ज्याची त्याची पानं ज्याला त्याला पाठांतराला घरी द्यायची. प्रयोगाच्या दिवशी पानं परत यायची, त्यांचा गठ्ठा बांधून प्रॉम्प्टरच्या मांडीवर ठेवायचा. जुने प्रॉम्प्टर आण्णाप्पा यांना नाटक तोंडपाठ होतं, त्यामुळे एखादं पान आलं नाही तरी अडत नसे. १९८८ साली आण्णाप्पा टायफॉइडनं पडले आणि आयत्या वेळी उपेंद्र स्टुलावर आले. नाटक त्यांनी तोवर समोरून पाहिलेलंसुद्धा नव्हतं. चौथा अंक चालू झाला. राजाच्या भूमिकेत मारुतीराव, राणी विद्युल्लता सबनीस, बेळगावच्या टिळकवाडीतल्या, शाळेत शिक्षिका. राजानं चूक पदरात घ्यायला सांगितली. उपेंद्रांनी ब्याण्णव नंबरचं पान उलटलं. पुढे पंच्याण्णव होतं. मधली पानं टिळकवाडीत राहिली होती. आणि त्याच क्षणी राणीची मान विंगेकडे वळली.

चार सेकंद गेले असतील. उपेंद्रांनी जे तोंडाला आलं ते अर्धं अर्धं वाक्य करून दिलं. विद्युल्लताबाईंनी ते उचललं, आणि असं उचललं की जणू वर्षभर त्याचीच तालीम केली होती. टाळ्या थांबेनात. आठवड्यानं कोल्हापूरच्या एका दैनिकात परीक्षण आलं, त्यात नाटककाराच्या प्रतिभेचा नमुना म्हणून हीच वाक्यं छापली होती. मारुतीरावांनी फर्मान काढलं, पुढच्या प्रयोगात हे असंच्या असं आलं पाहिजे. हरवलेली पानं परत आलीच नाहीत. आण्णाप्पाही त्या दुखण्यातून उठून स्टुलावर परतले नाहीत, आणि बाई बेळगावहून तालमींना येत नसल्यामुळे त्यांचं मूळचं भाषण मंडळात दुसऱ्या कुणी ऐकलंच नव्हतं. पुढे उरलेल्या गठ्ठ्यालाही वाळवी लागली, तेव्हा उपेंद्रांनी अख्खं नाटक एका जाड वहीत उतरवून काढलं. चौथ्या अंकात ही तीन वाक्यं लिहिताना त्यांचा हात थांबला होता. पण तिथे दुसरं लिहायचं काय, हे त्यांना माहीतच नव्हतं.

आधी ते भीतीनं बोलले नाहीत. नाटककाराच्या शब्दाला हात लावणाऱ्याला मंडळात थारा नव्हता. एका पेटीवाल्याला पदाचं एक कडवं गाळलं म्हणून काढलं होतं. मग वाक्यं गाजली, तेव्हा मनातल्या मनात ऐकत राहण्यात सुख होतं. आणि मग फार उशीर झाला. सांगितलं ते फक्त बायकोला, राजाबाईंना. पहिल्यांदा त्यांनी कौतुकानं ऐकलं. पुढे दर प्रयोगानंतर ऐकावं लागलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “मला किती येळा सांगणार? त्यांना सांगा की.”

हे असंच चालून गेलं असतं. पण यंदा कोल्हापूरच्या एका संस्थेनं जुन्या संगीत नाटकांची स्पर्धा जाहीर केली आणि मंडळानं दिग्दर्शनाला अदितीला बोलावलं. अदिती एकोणतीस वर्षांची, बेळगावच्या एका कॉलेजात शिकवते, नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलेली. स्पर्धेचा नियम होता: संहिता मूळ हवी, पदरचा एक शब्दही नको, मंडळाच्या अध्यक्षांनी तसा दाखला संहितेसोबत द्यावा. शेवटची तारीख सोमवार. अदितीनं वही दोनदा वाचली आणि उपेंद्रांकडे आली.

“काका, ही तीन वाक्यं वेगळी वाटतात,” ती म्हणाली. “सगळ्या नाटकात राणी राजाला ‘नाथ’ म्हणते. इथेच ‘महाराज’. आणि इतकं साधं बोलणारा हा नाटककार नाही हो. याला चंद्र-चकोराशिवाय पाणीसुद्धा मागता येत नाही.”

पुण्याच्या एका ग्रंथालयात छापील प्रत असल्याचं तिनं शोधून काढलं होतं. पण ती जीर्ण झाल्यामुळे बाहेर देत नव्हते, आणि हव्या त्या पानांचे फोटो मिळायला पंधरा दिवस लागणार होते. वाक्यं मूळची असल्याची खात्री झाली नाही, तर ती काढायची असं तिनं ठरवलं. मारुतीरावांना हे कळलं तेव्हा ते भडकले. ब्याऐंशीच्या वयात ते फारसे उठत नाहीत, तेव्हा उठले. 'वचनमुद्रा'चा सिनेमा ह्याच निपाणीच्या टॉकीजमध्ये आपण तीनदा बघितलाय, त्यात राणी हेच बोलते, ऐकून डोळ्यांत पाणी आलं होतं, असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. इंटरनेटवर तो सिनेमा सापडला. रविवारी सगळ्यांनी बसून बघायचा, सोमवारी दाखला द्यायचा, असं ठरलं.

उपेंद्रांनी हिशेब मांडला. सिनेमा १९६४ चा. वाक्यं १९८८ ची. सिनेमात ती असणं शक्य नव्हतं. मात्र सिनेमावाल्यांनी तो प्रसंगच कापला असेल, तर काहीच सिद्ध होणार नाही, मारुतीराव दाखला देतील आणि वाक्यं राहतील. सिनेमावाले नाटकाचे लचके तोडतात, असं चाळीस वर्षं म्हणणाऱ्या माणसाची सगळी मदार आता त्या लचक्यांवर होती.

हॉलच्या खिडक्यांवर नाटकाचे जुने पडदे टांगून अंधार केला होता. अदितीनं कॉलेजातून प्रोजेक्टर आणला होता, भिंतीवर पांढरी चादर लावली होती. चौदा माणसं जमली. विद्युल्लताबाई बेळगावहून गाडी करून आल्या होत्या. एकाहत्तर वर्षांच्या, ताठ, अंबाड्यात अबोलीचा गजरा. राणीचं काम त्यांनी बावीस प्रयोगांत केलेलं, म्हणून मारुतीरावांनी त्यांना खास बोलावलं होतं. त्यांना आणि अध्यक्षांना गादीच्या खुर्च्या होत्या.

सिनेमा कुणीतरी नऊ तुकडे करून इंटरनेटवर चढवला होता आणि आपलं नाव पडद्यावर कायमचं छापून ठेवलं होतं, नेमकं राजाच्या मुकुटावर. सुरुवात बरी झाली, म्हणजे उपेंद्रांच्या दृष्टीनं. नांदी गायब. दरबाराचा अख्खा प्रवेश गायब. त्याऐवजी चार घोडे टेकडीवरून खाली आले आणि तेच चार घोडे पुन्हा आले. दासी आणि भालदार नदीकाठी नाचले. राणीच्या भावाचं पाच मिनिटांचं स्वगत, ज्यासाठी मंडळात दोन माणसांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं, ते सूर्यास्त आणि बासरीत उरकलं. ऐन निरोपाच्या क्षणी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली.

उपेंद्रांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हवं तेच घडत होतं आणि ते बघवत नव्हतं. गाळलेलं प्रत्येक वाक्य त्यांच्या ओठांवर येत होतं. राजा घोड्यावरून नुसताच खिन्न बघत होता आणि उपेंद्र त्याला शब्द देत होते. शेवटी मारुतीरावांनी काठीनं त्यांची खुर्ची ठोकली.

“उपेंद्र, गप बस रं. सिनेमाला ऐकू येत न्हाय.”

मागची माणसं हसली. उपेंद्र गप्प बसले. सातवा तुकडा संपला तेव्हा त्यांना वाटू लागलं की आपण वाचलो. या गतीनं चौथ्या अंकाला पाच-सात मिनिटंच उरणार होती, आणि एवढ्यात घोडे, नदी आणि एक गाणं सहज बसलं असतं.

आठवा तुकडा सुरू झाला आणि दिग्दर्शकाला एकदम शहाणपण सुचलं. पैसे संपले म्हणून असेल, नाही तर त्या नटांनीच तसा हट्ट धरला असेल. कॅमेरा महालात आला आणि जागेवरून हललाच नाही. राजा उजवीकडे, राणी डावीकडे, नाटकात उभी राहतात तशी. शब्दन् शब्द वहीतला. पूर्ण सिनेमाभर ज्यांनी नाटक कापलं, तुडवलं, घोड्यांच्या टापांखाली घातलं, त्यांनी हा एवढा एक प्रवेश सोवळ्यात असल्यासारखा जपला होता. उपेंद्रांना या लोकांचा इतका राग आयुष्यात आला नव्हता.

“देवी, आमची चूक पदरात घ्या,” राजा म्हणाला.

राणी थांबली. उपेंद्रांनी तिची मान बघितली. मान सरळ होती. ती अडली नव्हती. पण सदतीस वर्षांची सवय होती. तिनं तोंड उघडायच्या आधी उपेंद्रांच्या तोंडून वाक्यं बाहेर पडली, तिन्ही, स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत पोचतील अशी. आणि त्यांच्यावरून पडद्यावरची राणी भलतंच काही बोलत गेली. नाथ, क्षमा ही याचकाच्या ओंजळीत घालावयाची भिक्षा नव्हे. चंद्राचा कलंक चांदण्याने धुतला जात नाही. अशा अकरा ओळी. चंद्रानंतर चकोर आलाच.

अदितीनं सिनेमा थांबवला. मागे नेऊन पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही लावला.

“बदललं,” मारुतीराव म्हणाले. “सिनेमावाल्यांनी बदललं.”

तुम्ही तर तीनदा हेच ऐकलं होतं ना, असं अदितीनं विचारलं. त्यावर ते म्हणाले की तेव्हाची प्रत वेगळी असणार, ही इंटरनेटवरची आहे. विद्युल्लताबाईंनी त्यांना दुजोरा दिला. मूळची वाक्यं पेलणं सगळ्याच नट्यांना जमत नाही, त्या म्हणाल्या. या बाईला पेलली नसतील, म्हणून लांबलचक काहीतरी लिहून दिलं असेल. हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की दोघातिघांनी माना डोलावल्या. अदिती एकटीच बोलत राहिली. पडद्यावरच्या ओळी नाटककाराच्या आहेत हे आंधळ्यालाही दिसेल, नाथ आहे, चंद्र आहे, चकोर आहे. मारुतीरावांनी तिला तू कालची पोर म्हणून बाजूला सारलं आणि कार्यवाहांकडे वळले. मंडळाचे कार्यवाह उपेंद्रच.

“उपेंद्र, कागद घे. लिही. मंडळाकडील वही मूळ संहितेशी ताडून पाहिली आहे व तीत एकही शब्द पदरचा नाही. मी सही करतो.”

कागद समोर आला. असले दाखले उपेंद्रांनी आयुष्यात शेकड्यानं लिहिले होते. न केलेल्या पाहणीचे, न झालेल्या बैठकीचे. सही दुसऱ्याची असे, त्यामुळे हाताला कधी जड गेलं नव्हतं. आत्ताही लिहून टाकलं असतं, तर वाक्यं राहिली असती, कोल्हापुरात पुन्हा टाळ्या पडल्या असत्या, विंगेत बसून ऐकता आल्या असत्या. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

“मारुतीराव, ती वाक्यं माझी आहेत,” ते म्हणाले.

मारुतीरावांना आधी कळलंच नाही. वही तुझी आहे, ते माहीत आहे, असं ते म्हणाले. मग उपेंद्रांनी सगळं सांगितलं. ब्याण्णव नंबरचं पान, पंच्याण्णव नंबरचं पान, मधले चार सेकंद. सांगायला सदतीस वर्षं लागली आणि सांगून झालं तीन मिनिटांत. ऐकताना मारुतीरावांचं तोंड हळूहळू हसरं होत गेलं.

“आणि हे तुला सुचलं कुठनं?”

उपेंद्रांनी तेही सांगितलं. त्या वर्षी ते नगरपालिकेत पाणीपुरवठ्याच्या टेबलावर होते. सोनुबाई नावाची एक बाई नळाच्या अर्जासाठी यायची. तंबाखूच्या वखारीत कामाला होती. साहेब दर वेळी एका चिठ्ठीवर ‘पुढच्या सोमवारी’ असं लिहून सही करून द्यायचे, ती चिठ्ठी घेऊन जायची. अकराव्या वेळी ती आली तेव्हा साहेब म्हणाले, अहो बाई, राहून गेलं, चूक झाली आमची. तिनं पदराची गाठ सोडली आणि आतल्या दहा चिठ्ठ्या एक एक करून टेबलावर मांडल्या. तंबाखूचा वास मारत होत्या. ते नाटकाच्या आधल्याच आठवड्यात झालं होतं. राजानं चूक पदरात घ्या म्हटलं, आणि उपेंद्रांना पुढे दुसरं काही दिसलंच नाही.

मारुतीराव काठीवर हात ठेवून हसले.

“म्हंजे आमच्या राणीचा पदर नळाच्या अर्जावरनं आलाय व्हय? अरं, नाटककारानं राजवाडा बघितलावता. तू बघितलास नगरपालिका. तुझ्या डोस्क्यातनं असलं निघतंय व्हय? तुला साधी तलवार सांभाळता आली न्हाय.”

आता मात्र माणसं मोठ्यानं हसली. राजाबाईंना विचारा, असं उपेंद्र म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांना पश्चात्ताप झाला, कारण बायको साक्षीदार असली तर मीसुद्धा हे नाटक लिहिलंय, असं मागून कुणीतरी म्हणालं. खरी साक्षीदार एकच होती, आणि ती गादीच्या खुर्चीवर बसली होती. उपेंद्र तिच्याकडे वळले.

“बाई, तुमची पानं टिळकवाडीत राहिली होती. तुम्ही अडला होता. मी शब्द दिला, तुम्ही घेतला. एवढंच सांगा.”

विद्युल्लताबाईंनी मांडीवरची पर्स सरळ केली. त्यांच्या शाळेत, त्यांच्या संस्थेत, त्यांच्या सत्कारांत एक गोष्ट कायम सांगितली जायची: बावीस प्रयोगांत बाई एकदाही अडल्या नाहीत. गेल्याच वर्षी निघालेल्या गौरवअंकात ती पहिल्या पानावर होती.

“उपेंद्रराव,” त्या म्हणाल्या, “मी विंगेकडे कधी बघितलेलं नाही. तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. वय झालं आपलं.”

हे म्हणताना त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या. मान मात्र किंचित डावीकडे वळली होती. ते उपेंद्रांना दिसलं, दुसऱ्या कुणाला दिसण्यासारखं नव्हतं, आणि दिसलं तरी कळण्यासारखं नव्हतं.

बाईंना परत जायला गाडी थांबली होती. त्या उठल्या, मारुतीरावांना नमस्कार केला आणि गेल्या. अदिती तोवर प्रोजेक्टरजवळ उभी होती. ती येऊन उपेंद्रांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

“काका, माझा विश्वास आहे तुमच्यावर. त्या चिठ्ठ्या कुणाला बसल्या जागी सुचत नाहीत.”

उपेंद्रांनी मान हलवली.

“आणि म्हणूनच ती काढावी लागतील,” अदिती म्हणाली. “मला वाईट वाटतं. अख्ख्या नाटकात तेवढंच चांगलं आहे. पण आता मला माहीत झालं ना.”

म्हणजे असं झालं होतं: ज्यांचा विश्वास नव्हता ते वाक्यं ठेवायला निघाले होते, आणि जिचा होता ती काढायला. मारुतीरावांच्याही हे लक्षात आलं. तंबाखूचा व्यापार केलेला माणूस. सौदा कुठे अडलाय ते त्यांना लगेच दिसतं. ते आता हसत नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला.

“उपेंद्र, माझं ऐक. चेष्टा केली म्हण. एवढंच म्हण. ही पोरगी पण गप बसंल, वाक्यं ऱ्हातील. तुझी म्हणतोस ना? मग तुझीच ऱ्हायली की. कुणाच्या नावावर हाईत ह्याला काय करायचंय?”

बारा माणसं बघत होती. अदितीही बघत होती, आणि तिच्या तोंडावरून असं वाटत होतं की त्यांनी तसं म्हटलं तर ती खरंच गप्प बसेल. उपेंद्रांनी समोरच्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं. आयुष्यभर हेच ऐकत आलो, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं. बोलले ते एवढंच, की चेष्टा केलेली नाही.

मारुतीरावांनी काठी आपटली आणि मग काय हवं ते करा म्हणाले.

अदितीनं वही उघडली, चौथा अंक काढला आणि पेन्सिल टेकवली. उपेंद्रांनी तिला थांबवलं. पेन्सिलनं खोडलेलं खोडलेलं धरत नाहीत, ते म्हणाले. कचेरीत मजकूर रद्द करायचा तर शाईनं करायचा, खालचं वाचता येईल असा, आणि ज्यानं लिहिलं त्यानंच समासात सही करायची, तारखेसह. त्यांनी पट्टी मागितली. तिन्ही वाक्यांवरून एकेक सरळ रेघ ओढली. समासात ‘उ. हेरेकर’ लिहून खाली तारीख घातली.

“वाक्यंच ऱ्हायली न्हाईत, आता सही कशाला?” मारुतीराव म्हणाले.

पण काम अजून राहिलं होतं. सोमवारी संहिता जायची तर त्या जागी मूळच्या ओळी हव्या होत्या आणि त्या फक्त भिंतीवरच्या चादरीवर होत्या. माणसं पांगली. अदितीनं आठवा तुकडा पुन्हा लावला. ती एकेक ओळ थांबवत गेली आणि उपेंद्र आपल्या वळणदार अक्षरात चंद्र, चांदणं, कलंक, चकोर उतरवत गेले. दहा ओळी झाल्या. अकराव्या ओळीत सिनेमाच्या आवाजाला चरा पडला होता. राणीचे ओठ हलत होते आणि एक शब्द काही केल्या ऐकू येत नव्हता. त्यांनी तो सहा वेळा ऐकला. ‘नाथ, आता या’ आणि मग खरखर, आणि मग ‘उरले नाही.’

“काका, इथे काय असेल?” अदितीनं विचारलं. “तुम्हीच सांगा. काहीही बसेल.”

त्यांना तीन शब्द लगेच सुचले होते. तिन्ही बसत होते, आणि एक तर नाटककारापेक्षा बरा होता.

“जागा मोकळी सोड,” उपेंद्र म्हणाले. “पुण्याहून पान येईल तेव्हा भर.”